बिनभोकाचे तीन मणी

सोमवारी दुपारची नमाज आटोपून हाफिज ओट्यावर टेकला, तोच वनखात्याचा गार्ड अजय आला आणि त्याने हातातली कापडी थैली त्याच्यासमोर उपडी केली. शिशाचे तीन गोळे घरंगळले. एक हाफिजच्या मांडीशी येऊन थांबला.

"हाफिजचाचा, हे कोनाच्या हातचं काम हाय, सांगा बरं."

सिरोंच्यात शिशाचं काही विचारायचं तर माणूस हाफिजकडेच येणार, त्यात नवल काही नाही. प्राणहितेच्या काठाला त्याचं घर आणि बापापासून धंदा एकच, मासेमारीच्या जाळ्याला लागणारे शिशाचे मणी ओतायचे. फेकायच्या जाळ्याच्या घेराला हे मणी नसले तर जाळं पाण्यावर तरंगत राहील आणि मासे खालून हसत निघून जातील. दोन पाकळ्यांचा लोखंडी साचा, मधे आडवी तार, वरून वितळलेलं शिसं. साचा उघडून तार ओढली की भोकाचा मणी तयार.

पण या तिघांना भोकच नव्हतं. अख्खे, भरीव गोळे.

"परवा जंगलात सांबर पडलं," अजय सांगू लागला. "मादी होती. भरमारीनं मारलं." भरमार म्हणजे तोंडाकडून दारू ठासायची जुनी बंदूक, हे हाफिजला सांगायची गरज नव्हती. "मारणारा पयाला, थैली काट्याले अडकून रायली. थैलीत हे तीन. रक्तानं माखले हाय पाहा."

हाफिजने एक गोळा उचलून उन्हात धरला. अंगावर बारीक बारीक सुरकुत्या होत्या, गरम दुधावर साय धरावी तशा. सुरकुत्यांच्या खाचांत काहीतरी लालसर बसलं होतं. त्याने गोळा फिरवला. एका बाजूला केसाएवढी, वर उठलेली रेघ होती.

ती रेघ त्याने झोपेतही ओळखली असती. त्याच्या अब्बांच्या हातून साचा दगडावर पडला होता, त्याला चाळीस वर्षं झाली. तेव्हापासून डाव्या पाकळीला एक ओरखडा आहे आणि या घरातून निघालेल्या प्रत्येक मण्यावर ती रेघ उमटते. म्हणजे गोळ्या याच साच्यातल्या. याच ओट्यावरच्या!

"दहा गावांत दहा जण शिसं ओततात, बेटा," हाफिज म्हणाला. आवाज आपलाच आहे की नाही असं त्याला वाटलं. "आता कसं सांगू?"

अजय त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. मग तिन्ही गोळे थैलीत टाकून उठला. "शुक्रवारी साहेब येनार हाय. तोपर्यंत याद करा. आन् चाचा, ज्यानं ओतल्या तो बी आत जाईल, नुसता मारणाराच नाई."

तो गेला तरी हाफिज तिथेच बसून होता. साचा त्याचा आणि तो घराबाहेर कधी जात नाही. त्या साच्याला हात लागतात ते दोनच माणसांचे. एक तो स्वतः आणि दुसरा जाहिद.

जाहिद त्याचा जावई. गोंडपिपरीकडचा पोरका पोरगा. बाप गेला तेव्हा याला बोलताही येत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी हाफिजच्या मुलीशी, नाहीदशी निकाह झाला आणि घर ना दार म्हणून हाफिजनेच त्याला इथे ठेवून घेतलं. निकाहाच्या दुसऱ्या दिवशी चहा देताना त्याने हाफिजला पहिल्यांदा 'अब्बा' म्हटलं आणि स्वतःच लाजला. जन्मात तो शब्द त्याने कोणासाठी वापरला नव्हता. हाफिजलाही त्या दिवशी भरून आलं होतं, खोटं कशाला बोला. आता नाहीदला पाचवा महिना होता.

पण संशय एकदा घरात शिरला की तो कोणाचं नातंगोतं बघतो होय? हाफिजच्या मनात पाल चुकचुकायला लागली ती लागलीच.

मंगळवारी जाहिद मोटारसायकल घेऊन बाहेर पडला तसा हाफिजने कढई चढवली. सुरय्या, त्याची बायको, दारात येऊन उभी राहिली. "नाहीदचे अब्बा, आज काऊन? आज तं ओतायचा दिवस नाई."

"साचा तपासून राह्यलो. नग खराब निघून राह्यले."

"मी बसू काय सोबतीले?"

"नको. तू आत जाय."

ती गेली. त्याने तिला काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती पोरीला सांगेल, पोरगी नवऱ्याला सांगेल आणि पाखरू उडून जाईल. हे त्याचं शहाणपण!

आता नग खराब का निघतो, हे शोधायला हाफिजसारखा माणूस नाही. तो एकेक खडा टाकून पाहायला बसला. आधी साच्याला बोटभर तेल चोपडून ओतलं. सुरकुत्या आल्या, पण रुंद आणि तपकिरी, वर किड्याने खाल्ल्यासारखे खड्डे. हे ते नव्हे. मग शिसं अर्धवट वितळलेलं असताना ओतलं. गोळा एका बाजूने बसका निघाला, कड भरलीच नाही. हेही नव्हे. मग शिसं पार लाल होईस्तो तापवलं. नग चुना फासल्यासारखा पांढुरका आला, सुरकुती एक नाही. शेवटी साचा पाण्याच्या माठाजवळ ठेवून गार केला, फडक्याने खडखडीत पुसला, कारण ओल राहिली तर शिसं उसळून डोळाच जायचा. आणि चांगलं तापलेलं शिसं त्या थंड साच्यात ओतलं.

साचा उघडला. भरीव गोळा, कडा पूर्ण भरलेल्या आणि अंगभर सायीसारख्या बारीक सुरकुत्या. अगदी अजयच्या थैलीतला.

म्हणजे शिसं बरोबर तापलेलं होतं, साचा थंड होता. काम माहितीच्या माणसाचं, पण ज्याला साचा तापेपर्यंत थांबायला धीर नाही अशाचं. हाफिजने कपाळावर हात मारला. चार महिने तो जाहिदला हेच तर ओरडत होता! 'अरे, मधे साचा गार झाला तं परत तापू दे ना बे, तुले काऊन एवढी घाई?' जाहिदचे मणी सुरकुतलेले निघायचे आणि हाफिज ते जागच्या जागी परत कढईत टाकायचा. सुरकुतलेला नग आपल्या घरातून बाहेर जात नाही, हे तो गावभर छाती फुगवून सांगायचा.

त्याने तपासाचे सगळे गोळे वितळवून टाकले आणि जाहिदची वाट बघत बसला.

जाहिद आला. बॅटरीवाल्यांकडे भंगार शिसं बघायला गेलो होतो म्हणाला. शिशाचा मात्र एक तुकडाही आणला नव्हता. गाडीच्या चाकांना लाल माती होती. बाजारात लाल माती कुठून येणार? ती जंगलाच्या रस्त्याची. हाफिजने ते नुसतं पाहून घेतलं.

बुधवारी तर कमालच झाली. जाहिदने मटण आणलं. ताटात वाढलं तसं हाफिजने एकेक हाड उचलून बघायला सुरुवात केली.

"कोन्या दुकानातलं?"

"नेहमीच्या, अब्बा."

"हाड वेगळं दिसते."

"या खुदा!" सुरय्या कडाडली. "बकऱ्याचं हाड हाय, म्हशीएवढं रायते काय? गुमान जेवा ना!"

नाहीद हसली. जाहिदही हसला. हाफिजने ताट सारलं आणि हात धुतले. जाहिदचं हसू तसंच अर्ध्यावर राहिलं. पोरगा कच्च्या दिलाचा, तोही मग जेवला नाही. हाफिजने मनात गाठ बांधली, चोराच्या मनात चांदणं पडलंय म्हणून घास उतरत नाही.

गुरुवारी त्याने जाहिदला ओट्यावर बोलावलं. कढई चढवलेली होती. साचा मुद्दाम माठाजवळ ठेवला होता.

"पाच नग ओत. तार नको घालू."

"बिनभोकाचे? ते कशाले, अब्बा?"

"सांगतो तेवढं कर."

जाहिदने साचा उचलला, बंद केला, पळीभर शिसं घेतलं आणि ओतलं. ना हातात धरून पाहिला, ना आचेवर फिरवला. हाफिज डोळ्यांत तेल घालून बघत होता. साचा उघडला. गोळा बाहेर पडला, अंगभर सुरकुत्या घेऊन.

"हे कोनाले देऊन राह्यला तू?" हाफिजचा आवाज एवढा चढला की आतली भांडी थांबली.

"काय?"

"सांबर मारलं त्याच्या थैलीत माह्या साच्यातल्या गोळ्या निघाल्या. मी नाई ओतल्या. मंग कोन?"

जाहिदच्या हातातल्या पळीतलं उरलेलं शिसं पळीतच गोठलं.

"अब्बा, तुमाले वाटते मी...?"

"रोज जंगलाकडं कुठी जाते? चाकाले माती लागून येते ते दिसत नाई काय मले? भंगार आनतो म्हनते आन् रिकाम्या हातानं येते!"

मग जाहिदने सांगितलं. जिशान नावाचा दोस्त आहे, त्याची जीप आहे. जंगलाच्या कच्च्या रस्त्यावर तो जिशानकडून जीप चालवायला शिकत होता. मोहर्लीला, ताडोब्याच्या गेटवर, सफारीच्या गाड्यांना ड्रायव्हर पाहिजेत. शनिवारी सकाळी दहाला चाचणी आहे. जमलं तर नाहीदला घेऊन तिकडे जायचं. "तुमाले आधी सांगतलं असतं तं तुमी जाऊ देल्लं नसतं. पास झालो का सांगीन म्हनलं होतं."

"कुठी मोहर्ली, कुठी सिरोंचा! चांगली गोष्ट जमवली!"

"अब्बा, खुदाची कसम."

"कसम नको खाऊ माह्या ओट्यावर!"

दारात नाहीद उभी होती. पोटावर हात ठेवून. तिने बापाकडे अशा नजरेने पाहिलं की हाफिजने मान फिरवली. पण मागे हटला नाही. एक गोष्ट खोटी निघाली की माणसाला सगळ्याच खोट्या वाटतात, आणि भंगार आणायला जातो हे तर जाहिद खोटंच बोलला होता.

शुक्रवारी अजय साहेबांना घेऊन आला. हाफिजला रात्रभर झोप नव्हती. गप्प राहावं तर उद्या दुसरं जनावर पडेल, आणि साहेबांनी साचा मागितला तर ती रेघ दिसणारच. मग बापापासूनचं नाव पाण्यात. सांगावं तर पोरीचं घर. त्याने साचा आणून साहेबांपुढे ठेवला. रेघ स्वतःच दाखवली.

"माह्या घरातून गेल्या साहेब. मी नाई ओतल्या. माह्या जावयानं ओतल्या असतीन."

'असतीन' म्हणाला तो. तेवढीच जागा ठेवली होती. पण सरकारी जीपमध्ये 'असतीन' बसत नाही, माणूस बसतो. जाहिद चप्पल घालून निघाला.  नाहीद ओरडली, सुरय्या साहेबांच्या आडवी गेली, अजय म्हणत राहिला, "चौकशीच हाय बाई, चौकशीच हाय." गाडी गेली. सुरय्याने त्या दिवशी चूल पेटवली नाही आणि ती हाफिजशी बोललीही नाही.

शनिवार हा ओतायचा दिवस. सवयीने हात चालतात म्हणून हाफिजने पहाटेची नमाज झाल्यावर कढई चढवली. जाहिद या वेळी कधीच उठलेला नसायचा. साचा तापला की हाफिज त्याला हाक मारायचा, नेहमीचंच ते. हाफिजने साचा बंद केला. गार साच्यात तार अडकते, म्हणून पहिले नग बिनतारेचे ओततात. साचा तापावा एवढंच त्यांचं काम. एक, दोन, तीन, चार, पाच. न बघता ओतले, न बघता बाजूच्या पानावर टाकले आणि सहाव्याला तार घातली.

तेवढ्यात म्हातारा वारलू घाटावरून वर आला. ओतायच्या दिवशी तोही नेहमीचाच. मासेमारांतला सगळ्यात जुना माणूस.

"दे हाफिजभाऊ, गंगम्माचे."

हाफिजने पान पुढे सरकवलं. नदीकाठी चिंचेखाली नदीदेवी गंगम्माचा दगड आहे. ओतायच्या दिवशी पहिले पाच तिचे, ही हाफिजच्या अब्बांनी आणि वारलूच्या बापाने घालून दिलेली रीत. ते परत वितळवायचे नाहीत. दगडापाशी ठेवायचे म्हणजे नदी जाळं ओढून नेत नाही. हाफिज कधी त्या दगडाकडे गेला नव्हता. ओटा उतरले की ते पाच त्याचे नव्हतेच.

वारलू पान घेऊन उभाच राहिला. "राग नको मानू भाऊ. तू मधे मधे देत नाई काय? पूर ओसरल्यावर जमलेला ढीग होता दगडापाशी, पन्नासेकाचा. आता पाहतो तं पाच-सहा. एवढ्या वर्षांत असं झालं नाई. तिथलं कोनी उचलत नाई, मंग गेले कुठी?"

हाफिजच्या हातात साचा होता. त्याने पानाकडे पाहिलं. पाच गोळे. भरीव. बिनभोकाचे. अंगभर सायीसारख्या सुरकुत्या.

त्याने साचा खाली ठेवला.

तो वारलूच्या मागोमाग चिंचेपर्यंत गेला. अनवाणी, कढई तशीच चुलीवर टाकून. वारलूने पाच गोळे दगडापाशी मांडले, कमरेच्या पुडीतून कुंकू काढलं आणि नेहमीसारखं एकेकाला बोटाने लावलं. गुळगुळीत भागावरचं कुंकू वाऱ्याने उडालं. सुरकुत्यांच्या खाचांत तेवढं बसून राहिलं, लालसर.

रक्त नव्हतं ते! अजयने रक्त म्हटलं आणि त्यानेही रक्तच पाहिलं.

"वारलू," हाफिज म्हणाला, "मी माह्या पोराले जेलात टाकलं रे."

वनखात्याच्या ऑफिसात तो पोचला तेव्हा नऊ वाजून गेले होते. हातातल्या पानात ते कुंकू लागलेले पाच गोळे होते. साहेब दौऱ्यावर. अकराला आले. हाफिजने थैलीतले तीन आणि पानातले पाच टेबलावर शेजारी शेजारी मांडले. तीच रेघ, त्याच सुरकुत्या, तेच कुंकू. साहेबांनी भिंग लावून पाहिलं आणि भिंग खाली ठेवलं.

"हे तुमच्याच हातचे होते, तर पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?"

"साहेब, सुरकुतलेला नग माह्या घरातून जात नाई, असं मी म्हनत आलो. हे पाच मी कधी मोजलेच नाई."

दगडावर पाळत बसली. सोमवारी पलीकडच्या गावचा झाडू नावाचा माणूस ढिगात हात घालताना सापडला. भरमारही त्याच्या घरात निघाली. अजयने स्वतः येऊन सांगितलं. पण जाहिदला तर शनिवारीच सोडलं होतं. जेवणाची वेळ झाली होती तेव्हा. मोहर्लीची चाचणी दहाला होऊन गेली होती.

त्या शनिवारी दोघं घरी आल्यावर सुरय्या पहिल्यांदा बोलली. तिला सगळं कळलं होतं. "मंगळवारीच मले विचारलं असतं तं मी सांगतलं असतं. तीस वर्षं झाली, त्या पाचांखाली पान कोन ठेवते? मीच ठेवतो ना!"

 आतल्या खोलीत जाहिद कपडे बांधत होता. चाचणी गेली तरी जिशानच्या ओळखीने गाड्या धुवायचं काम मिळतंय, तिथून सुरुवात करू, असं तो नाहीदला सांगत होता. नाहीद त्याला घड्या करून देत होती. रडत नव्हती, हेच हाफिजला सोसवेना. त्याने पोरीला थांब म्हणून पाहिलं. तिने फक्त ओढणी सारखी केली.

ओट्यावर चूल विझली होती. कढईत शिसं गोठून बसलं होतं. जाहिद पेटी घेऊन बाहेर आला. हाफिजने पेटीला हात लावला, त्याने लावू दिला. घाटापर्यंत, बसपर्यंत घेऊन जाऊ दे, असं काहीतरी हाफिज बोलला. चुकलं माझं, असंही म्हणाला, दोनदा. जाहिदने सगळं ऐकून घेतलं. चिडला नाही, आवाज चढवला नाही. वाकून त्याने सलाम केला, अगदी रीतसर.

"येतो, हाफिजभाऊ," तो म्हणाला.

मणी घ्यायला येणारी माणसं निघताना असंच म्हणतात. रस्त्याच्या वळणापर्यंत दोघं दिसत होती. मग दिसेनाशी झाली आणि हाफिज तिथेच ओट्याच्या पायरीवर बसला. सुरय्याने आतून दोनदा हाक मारली, तरी तो उठला नाही.